तपासनीस कोणाचा?

१८४५ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या अँडोव्हर गावाचे नाव ब्रिटिश संसदेत गाजले. तेथील वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना कष्टाच्या मोबदल्यात अन्न आणि निवारा देणाऱ्या श्रमगृहात, खतासाठी जनावरांची हाडे कुटण्याचे काम रहिवाशांना दिले जात असे. भुकेने कासावीस झालेली ती माणसे कुजक्या हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज खात होती.

इंग्लंडमध्ये सध्या कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, प्रौढ देखभाल सेवांची स्वतंत्र तपासणी चालू आहे. वृद्ध, अपंग व परावलंबी प्रौढांना आधार देण्याचे काम कौन्सिल कसे करते, हे त्यात पाहिले जाते. या तपासणीविषयी वाचताना मला अँडोव्हर वारंवार आठवते. त्या आठवणीचे कारण सांगण्यासाठी हा थ्रेड.

अँडोव्हरला तपासनीस नव्हता असे नाही. हेन्री पार्कर नावाचे सहायक आयुक्त त्या भागासाठी नेमलेले होते. तरीही प्रकरण उघडकीस आणले ते ह्यू मंडी या स्थानिक पालक-मंडळाच्या सदस्याने, आणि संसदेत ते मांडले खासदार थॉमस वॅकली यांनी. चौकशीसाठी मग पार्करनाच धाडण्यात आले. आणि गदारोळ शमेना, तेव्हा त्यांचाच राजीनामा घेण्यात आला.

पार्कर हे ज्या पुअर लॉ आयोगाचे नोकर होते, त्याच आयोगाचे धोरण वर्कहाउसमधील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही खडतर ठेवण्याचे होते. हाडे कुटण्याचे कामही अँडोव्हरपुरते नव्हते. पार्करनी खरा अहवाल लिहिला असता, तर तो धन्याच्या धोरणावरचाच अहवाल ठरला असता. १८४६ मध्ये संसदीय समितीने आयोगाचे वाभाडे काढले आणि १८४७ मध्ये आयोगाच्या जागी संसदेला उत्तरदायी असलेले मंडळ आले.

याच काळातील कारखाना-तपासनीस याच्याशी ताडून पाहावेत. १८३३ च्या कायद्याने नेमलेल्या चौघांपैकी लेनर्ड हॉर्नर यांचे अहवाल इतके परखड होते की पुढे मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये त्यांचा मुक्तहस्ते उपयोग केला. हॉर्नर व्यक्ती म्हणून धीट होतेच; पण ते गिरणीमालकांना तपासत होते आणि पगार सरकारचा घेत होते. पार्करना हे भाग्य नव्हते.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने पुअर लॉ संपवला आणि वृद्धांच्या निवासाची जबाबदारी कौन्सिलांकडे आली. इमारती मात्र पुष्कळदा त्याच राहिल्या. हे जगासमोर आणले पीटर टाउन्सेंड या समाजशास्त्रज्ञाने. त्याने इंग्लंड-वेल्समधील १७३ संस्था पाहिल्या आणि १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ प्रसिद्ध केले. जुन्या वर्कहाउसच्या लांबलचक खोल्यांत म्हातारी माणसे अजूनही दिवस कंठत होती. इथेही डोळे बाहेरच्या माणसाचेच!

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९८५ मध्ये ‘सोशल सर्व्हिसेस इन्स्पेक्टोरेट’ आले, तेही मंत्रालयाच्या पोटात. २००२ मध्ये कौन्सिलांना तारे मिळू लागले, शून्य ते तीन. २००४ पासून हे काम एका स्वतंत्र आयोगाकडे गेले, आणि २००९ मध्ये तो ‘केअर क्वालिटी कमिशन’मध्ये विलीन झाला. २०१० मध्ये कौन्सिलांचे वार्षिक मूल्यमापनच थांबले. वृद्धाश्रम तपासले जात राहिले. त्यांच्याकडून सेवा विकत घेणारी, दर ठरवणारी कौन्सिल मात्र कोणी तपासेना.

याचे परिणाम लगेच दिसले असे मी म्हणणार नाही. पण २०११ मध्ये ‘सदर्न क्रॉस’ ही वृद्धाश्रम चालवणारी देशातील सर्वांत मोठी कंपनी कोसळली, तेव्हा सुमारे ३१,००० रहिवाशांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. इमारती विकून त्याच भाड्याने घेतलेल्या, भाडे दरवर्षी वाढते, आणि कौन्सिलांनी खर्चाला कात्री लावलेली. खोल्यांची स्वच्छता तपासणाऱ्याला यातले काय दिसणार?

२०२२ च्या आरोग्य व देखभाल कायद्याने ही पोकळी भरली. एप्रिल २०२३ पासून कमिशनने इंग्लंडमधील १५३ कौन्सिलांचे मूल्यमापन करायचे आहे. हे पाऊल योग्यच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. गरजेची पाहणी व्हावी म्हणून महिनोन्महिने ताटकळणाऱ्या म्हातारीची व्यथा कुठेतरी छापील स्वरूपात नोंदली जाणे, हीच मोठी गोष्ट आहे.

आक्षेप आहे तो वेगळाच. याच कायद्यानुसार मूल्यमापनाची उद्दिष्टे व अग्रक्रम आरोग्यमंत्री ठरवतात, आणि कमिशनच्या पद्धतीलाही त्यांची संमती लागते. कौन्सिल नापास झाली, तर हस्तक्षेपाचा अधिकार त्यांचाच. आणि कौन्सिलांच्या अनुदानाचा निर्णय होतो तो त्याच मंत्रिमंडळात.

सरकारी मदतीसाठीची मालमत्तेची वरची मर्यादा घ्या. २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असली, तर देखभालीचा खर्च साधारणतः स्वतःच करावा लागतो. हा आकडा २०१० पासून हललेला नाही. तो कौन्सिल ठरवत नाही, त्यामुळे कौन्सिलच्या प्रगतिपुस्तकात त्याला गुण नाहीत.

२०२३ च्या प्रायोगिक फेरीत ज्या पाच कौन्सिलांचे मूल्यमापन झाले, त्यांत बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम होत्या. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात दोन्ही कौन्सिलांनी कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नव्या खर्चाला हात आखडता घेतला. त्यामागची कारणे अनेक होती. स्थानिक कारभाराच्या चुकाही होत्या, हे मान्य. पण तिजोरी अशी असताना ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा नेमका कोणाला उद्देशून असतो?

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय केंद्राचा हिशेब तपासते, असे यावर कोणी म्हणेल. तपासते, पण तो अहवाल मंत्र्याला शेरा देत नाही आणि गावोगावच्या वृत्तपत्रांत मथळा होत नाही. मथळा होतो तो कौन्सिलचा.

म्हणून माझे मत असे की, अग्रक्रम ठरवण्याचा अधिकार मंत्र्यांकडून काढून संसदेच्या समितीकडे द्यावा, आणि प्रत्येक कौन्सिलच्या अहवालात एक प्रकरण सक्तीचे असावे: आढळलेल्या उणिवांपैकी कोणत्या स्थानिक कारभाराच्या आणि कोणत्या वरून आलेल्या पैशाच्या व नियमांच्या. ते प्रकरण लिहिताना तपासनीसाला मंत्रालयाकडे पाहावे लागू नये. पार्करना ते पाहावे लागत होते.