आधी विचारा, गाणे कोणते?

निद्रानाशावर दरबारी, रक्तदाबावर दुसरा एखादा राग, उदास वाटत असेल तर तिसरा. अशा याद्या मोबाइलवर सतत फिरत असतात. औषधांच्या दुकानात गोळ्यांचे कप्पे असावेत तशी रागांची मांडणी. रागसंगीतावर जिवापाड प्रेम करणाऱ्यानेही हे मान्य करायला हवे, की अमुक आजाराला अमुक राग या जोड्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही. शिवाय ज्याला ते ऐकवायचे, तो माणूस या याद्यांमध्ये कुठेच नसतो. तो कुठे वाढला, त्याच्या घरात काय गायले जाई, कोणते सूर कानी पडताच त्याचे डोळे भरून येतात, याची चौकशी कोणी करत नाही. संगीतोपचाराची सुरुवात मात्र तिथूनच होते.

न्यूयॉर्कच्या संगीतोपचारतज्ज्ञ जोअॅन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 रुग्णालयांतल्या 272 मुदतपूर्व बाळांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी आईवडिलांना साधा प्रश्न विचारला: तुमचे गाणे कोणते? ती अंगाईच असावी अशी अट नव्हती. जे गाणे मिळेल, त्याची अंगाई करायचे काम उपचारकाचे. लय उतरवायची, चाल झोका दिल्यासारखी तीन-तीन मात्रांत बसवायची, आवाज अगदी हलका ठेवायचा आणि बाळाच्या श्वासावर नजर ठेवून गायचे. ज्या पालकांनी गाणे सांगितले नाही, त्यांच्या बाळांसाठी ‘ट्विंकल ट्विंकल’ होतेच. प्रत्यक्ष गायलेल्या अंगाईने बाळांच्या हृदयाचे ठोके संथ झाले आणि आपले गाणे बाळासाठी गायले गेल्याने पालकांवरचा ताण हलका झाला.

हाच प्रश्न आपल्याकडच्या आजी-आजोबांना विचारायला हवा. दहाव्या-बाराव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंत मनात उतरलेली गाणी सहसा सर्वांत खोल रुजतात आणि स्मृतिभ्रंशातही पुष्कळदा शेवटपर्यंत साथ देतात. मग वयाचा हिशेब मांडता येतो. आज ऐंशीच्या घरात असलेली बाई 1955 मध्ये दहाएक वर्षांची होती. त्याच वर्षी 1 एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. पुढे वर्षभरात 56 गीते झाली.

पण हा हिशेब रेडिओ असलेल्या घरापुरता. त्याच वयाच्या मुळशीतल्या बाईच्या घरी जाते होते आणि तिची गाणी म्हणजे पहाटेच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव जाऊन गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. गिरणगावात हयात गेलेल्या कामगाराचे गाणे भजनी मंडळातले असेल किंवा अण्णाभाऊंच्या लाल बावट्याच्या कलापथकातले. एखाद्या घराचा प्राण वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांत असतो. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना भक्तिगीत लावले की शांत वाटते, हे गृहीतक ज्यांची ती गाणीच नव्हेत त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. वसईच्या ख्रिस्ती आजीला तिचे गाणे मिळायला नको?

गाणे सापडले तरी ते जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. सिनेगीताची मूळ पट्टी बहुधा बरीच वरची असते. वयाबरोबर स्त्रियांचा आवाज उतरतो, म्हणून पट्टीही दोन-चार सुरांनी उतरवावी लागते. मधले वाद्यांचे तुकडे गाळायचे, कारण तेवढ्यात धागा सुटतो. एकच कडवे घ्यायचे, धृपद पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि ओळीतला शेवटचा शब्द न उच्चारता थांबायचे. तो शब्द समोरून आला की चेहरा कसा उजळतो, हे ज्याने पाहिले तो स्पीकरवर सोडलेल्या गाण्यावर पुन्हा समाधान मानणार नाही. ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही, गाणारा माणूस थांबू शकतो. ओवीत तर बदलाची सोय मुळातच आहे: गाणारी आपल्या भावाचे, लेकीचे, माहेरच्या गावाचे नाव त्यात बसवते.

चालण्यासाठी गाणे निवडताना मोजमाप लागते. पार्किन्सन्स किंवा पक्षाघातानंतर अडखळणाऱ्या पावलांसाठी मायकेल थॉट यांनी ठेक्यावर चालवण्याची पद्धत विकसित केली. रुग्ण मिनिटाला 60 पावले टाकत असेल, तर ठेकाही आधी 60चाच धरायचा आणि मग पाच ते दहा टक्के वाढवत न्यायचा. वारीत टाळमृदंगाच्या तालावर पावली खेळलेल्या माणसासाठी असा ठेका शोधायला दूर जावे लागणार नाही.

मनःस्थितीचेही तसेच. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा ऑल्टशुलर यांनी 1940च्या दशकात सांगितले, की रुग्णाच्या मनाशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करावी आणि मग हळूहळू ते बदलत न्यावे. शोकात बुडालेल्या माणसापुढे आनंदी गाणे वाजवणे म्हणजे त्याचे दुःख न ऐकताच त्याला गप्प करणे. आणि ओळखीचे गाणे जखमही उघडते. नवऱ्याच्या अंत्ययात्रेत ऐकलेला अभंग कितीही सुंदर असला तरी तो त्या बाईला न विचारता लावू नये.

वृद्धाश्रमात दाखल करताना अर्जावर मधुमेह, पथ्य, अॅलर्जी असे सगळे विचारले जाते. त्याच कागदावर आणखी चार ओळी हव्यात: बालपणीचे गाव कोणते, घरी काय गायले जाई, तरुणपणी काय ऐकले, कोणते गाणे कधीच लावू नये. आणि हे लिहून घेताना आधी त्या आजींनाच विचारावे, सोबत आलेल्या मुलाला नंतर.