विहिरीच्या पाण्याचा नमुना

विहिरीस पाणी लागले म्हणजे शेतकऱ्यास धन्यता वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी लागणे निराळे आणि ओलिताजोगे पाणी लागणे निराळे. तेथील काळ्या चिकण जमिनीत सोडियमयुक्त पाणी मुरत राहिले की मातीचे कण विलग होतात, निचरा खुंटतो, आणि अशी जमीन सुधारावयास जिप्समही लागते व वर्षेही लागतात.

पाणी तपासून घ्यावे हा उपदेश जुनाच आहे. तो पाळलाही जातो, पण कसा? घरातील कोणतीही रिकामी बाटली काठावरून बुडवून भरावयाची, ती आठवडाभर पडवीत पडू द्यावयाची, आणि वर चिठ्ठी नाही. (बाटली औषधफवारणीची असेल तर बोलणेच नको.) प्रयोगशाळा कितीही काटेकोर असो, तिच्यापुढे येते ते बाटलीतील पाणी. चुनायुक्त पाणी अर्धवट भरून ठेवले की त्यातील कर्बवायू निघून जातो, सामू चढतो, चुना तळाशी बसतो. मग कागदावर कॅल्शियम खऱ्याहून कमी दिसते. पंप काही वेळ चालवावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी व शक्य तितक्या लवकर पोचवावी. यास खर्च तो काय?

ऋतूचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. ऑक्टोबरातील नमुना पुष्कळदा पावसाने सौम्य झालेल्या पाण्याचा असतो. मे महिन्यात त्याच विहिरीचे पाणी निराळे निघू शकते. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेल्या वर्गवारीत अतिक्षारतेची पायरी दर मीटरला २.२५ डेसीसीमेन्स विद्युतवाहकतेपासून सुरू होते. दिवाळीच्या सुमारास या रेषेच्या आत असलेले पाणी उन्हाळ्यात ती ओलांडते काय, हे एका नमुन्यावरून कोण सांगणार? तरीही त्या एकाच कागदावर विसंबून ठिबकसंचासाठी कर्ज काढले जाते! मे व ऑक्टोबर असे दोन नमुने त्या कर्जापुढे काहीच महाग नाहीत.

राहिली नोंद. ‘पाणी योग्य’ एवढा शेरा लक्षात ठेवून आकडे हरवणारे पुष्कळ. गट क्रमांक, तारीख, विहिरीची खोली, त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि अहवालातील सर्व आकडे एका वहीत उतरले पाहिजेत. तसे नसले तर तीन वर्षांनी पीक पिवळे पडल्यावर विहीर बिघडली की पहिला नमुनाच चुकला होता, याचा निवाडा कोणालाही करता येत नाही.