विश्लेषण : हाफलिंग क्लेरिक ही ‘चुकीची’ निवड का नाही?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे आणि कल्पनाशक्तीवर चालणारा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्यात पात्र तयार करताना नवख्यांना एक सल्ला अनेकदा मिळतो : बुटका हाफलिंग घ्यायचा असेल तर चोर कर, क्लेरिक नको. हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे.

हा सल्ला आला कुठून?

जुन्या नियमांतून. पहिल्या आवृत्तीत हाफलिंगला (तेव्हाचे नाव ‘हॉबिट’) फक्त योद्धा होता येई, तेही चौथ्या पातळीपर्यंतच. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्येही खेळाडूच्या हाफलिंगला क्लेरिक, म्हणजे देवतेच्या शक्तीने मंत्र चालवणारा पुरोहित, होता येत नव्हते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र ही बंदी नव्हती.

२०१४ च्या हँडबुकमध्ये अडचण उरली ती आकड्यांची. क्लेरिकचे मंत्र ‘विज्डम’वर चालतात, हाफलिंगला मात्र चपळतेचे २ गुण जादा मिळत. २०२४ च्या हँडबुकने हे जादा गुण वंशाऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीला जोडले. मंदिरातल्या सेवेकऱ्याची ‘अ‍ॅकोलाइट’ पार्श्वभूमी घेतली की विज्डम वाढवता येते.

मग फायदा काय?

हाफलिंगचे नशीब. हल्ला, क्षमतेची चाचणी किंवा बचाव करताना वीस बाजूंच्या फाशावर १ पडला, तर फासा पुन्हा टाकता येतो. १ पडण्याची शक्यता ५ टक्के; सलग दोनदा पडण्याची ४०० मध्ये १, म्हणजे पाव टक्का. ‘ब्लेस’सारखे मंत्र एकाग्रतेवर टिकतात आणि मार बसला की ती टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो. तिथे हे नशीब कामी येते. शिवाय ‘हीलिंग वर्ड’ ६० फुटांवरूनही चालतो. जखमी साथीदारापर्यंत धावत जावे लागत नाही.

खरी अडचण कोणती?

नियमांची नव्हे, टेबलाभोवती बसलेल्यांची. ‘कुणीतरी बरे करणारा हवाच’ म्हणत क्लेरिक बहुधा शेवटी आलेल्याच्या माथी मारला जातो. मग तो तीन तास इतरांच्या जखमा मोजत बसतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. क्लेरिक ढाल घेऊन आघाडीवर लढू शकतो, भुतापिशाचांना पळवून लावू शकतो. त्याला फिरता दवाखाना समजणे हा खेळाचाच तोटा आहे. ज्याला आवडीने व्हायचे आहे त्यालाच क्लेरिक होऊ द्यावे. कुणीच तयार नसेल, तर औषधाच्या कुप्या वाटून घ्याव्यात.

सुरुवात कुठून करावी?

आकड्यांआधी एका प्रश्नापासून. हाफलिंगांची देवता योंडाला ही घर आणि सुबत्ता राखणारी. तिचा भक्त घर सोडून अंधाऱ्या भुयारात का उतरला? याचे एका वाक्यात उत्तर सापडले, की पात्र अर्धे तयार झाले. उरलेले अर्धे फासे ठरवतील.