डाग कातडीचा, बोभाटा चारित्र्याचा

दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात. त्यात असला विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण या सदराकडे वर्षभर जी निनावी पत्रे येतात, त्यांतल्या पुष्कळ पत्रांत चिंता एकच असते: पुरुषाच्या गुप्त जागेवर डाग पडला आहे आणि कोणाला सांगायची सोय नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, तरीही हा संकोच आपल्या घरांतून गेलेला नाही. तेव्हा जे बोलवत नाही, ते निदान वाचून तरी ठाऊक असावे.

प्रथम एक साधी गोष्ट. त्या जागेची कातडी अंगाच्या इतर कातडीपेक्षा मुळातच सावळी असते आणि वयात येताना अधिक गडद होते. मधोमध शिवणीसारखी जी काळपट रेघ दिसते, ती जन्मापासूनचीच असते. कित्येकांना बारीक पिवळसर ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. यांपैकी कशालाही औषध लागत नाही. लग्न ठरल्यावर प्रथमच नीट निरखून पाहणारे आणि घाबरून रात्र जागून काढणारे तरुण मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता खऱ्या डागांकडे वळू. एक जोडपे माझ्याकडे आले होते. गृहस्थ चाळिशीचे, बँकेत नोकरीला. शिश्नाच्या टोकावर रुपयाएवढा जांभळट डाग. आधी आग होई, फोड येई, मग तो भरून डाग मागे राही. वर्षभरात हे तिसऱ्यांदा झाले होते आणि तिन्ही वेळा कचेरीच्या कामासाठी परगावी जाऊन आल्यावर! बाईंनी जो अर्थ काढायचा तो काढला होता. रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्या, तरी घरातला अबोला सुटला नव्हता. मी विचारले, "प्रवासात पोट बिघडते का?" गृहस्थ काही बोलण्याआधी बाईच म्हणाल्या, "दर वेळी बिघडतं. जुलाबाच्या गोळ्या मीच देते ह्यांच्या पिशवीत घालून." डाग त्या गोळ्यांचा होता.

या प्रकाराची पहिली नोंद १८८९ सालची आहे. पुढे १८९४ मध्ये लुई ब्रोक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला नाव दिले. त्याचा अर्थ, औषधाने एकाच ठराविक जागी उठणारा डाग. एखादे औषध एखाद्या शरीराला सोसत नाही. तेव्हा रोगाशी लढणाऱ्या काही पेशी कातडीच्या एका जागी ठाण मांडून बसतात. तेच औषध पुन्हा पोटात गेले की काही तासांत त्या खवळतात आणि आपल्याच कातडीवर तुटून पडतात. रंगाचे कण खालच्या थरात उतरतात, म्हणून डाग महिनोनमहिने जात नाही. ओठ आणि शिश्नाचे टोक या याच्या आवडत्या जागा. सल्फाची औषधे, डॉक्सिसायक्लिनच्या जातीची औषधे, जुलाबावरची ऑर्निडाझोल, अंगदुखीच्या गोळ्या, अशी पुष्कळ औषधे हे करू शकतात. उपाय एवढाच की गुन्हेगार औषध ओळखावे, ते कायमचे वर्ज्य करावे आणि त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी. वेष्टनावरचे ठळक नाव पुरत नाही. आतल्या औषधाचे नाव लिहावे, कारण एकच औषध दहा नावांनी विकले जाते.

दुसरा प्रकार पांढऱ्या डागांचा. कातडी मऊ, खाज नाही, स्पर्श कळतो आणि रंग मात्र गेलेला, तर बहुधा ते कोड असते. ते संसर्गाने पसरत नाही, पत्नीला होत नाही आणि महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण कातडी चिनी मातीसारखी पांढरी, पातळ व ताठ होत असेल, पुढची कातडी मागे सरेनाशी झाली असेल, लघवीची धार बारीक झाली असेल, तर तो निराळा विकार आहे. त्याला वेळेवर उपचार हवा आणि पुढेही तपासण्या हव्यात. कारण दुर्लक्षिलेल्या थोड्या रोग्यांत पुढे कर्करोग होऊ शकतो.

तिसरा प्रकार लालीचा. लाल चट्टे, दह्यासारखा पांढरा थर, पुढच्या कातडीला चिरा, असे वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेहाची पहिली वर्दी कित्येकदा येथूनच मिळते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहावरच्या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यानेही ही बुरशी माजते. मात्र गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

आणि लोक करतात काय? मेडिकलच्या दुकानात जाऊन हळू आवाजात "खाजेची ट्यूब" मागतात. तीत बहुधा स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, मग नायटा दुप्पट पसरतो, कातडी पातळ होते, रंग जातो, जांघेत कायमच्या रेघा पडतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली. नियम झाला, पण ट्यूब आजही मिळते.

नवा व्रण, न दुखणारा का असेना, लगेच दाखवावा. संसर्गाचा रोग असेल तर तो वेळीच पूर्ण बरा होऊ शकतो, आणि मग पत्नीचीही तपासणी करावी. कडक गाठ, भरून न येणारी जखम, रक्त येणे, वाढत जाणारा काळा किंवा मखमलीसारखा लाल डाग, यांना दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक मुदत देऊ नये.

दाखवायचे कोणाला? आपल्याकडे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग ही तिन्ही एकाच शाखेत शिकवली जातात. म्हणजे ज्या तीन शंकांनी माणसाची झोप उडते, त्या तिन्हींचे उत्तर एकाच डॉक्टरकडे मिळते. जाताना गेल्या महिन्याभरात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. आणि गृहिणींना एक विनंती: घरात असा डाग निघाला, तर "कुठे गेला होतात?" या प्रश्नाच्या आधी "कुठली गोळी घेतली होती?" हे विचारून पाहावे.