तटबंदी अभेद्य, पण पोत्यांत काय?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना देवगिरीचा उभा तासलेला कडा दिसला की मराठी माणसाची मान अभिमानाने उंचावते. १२९६ साल आठवले की तीच मान खाली जाते. अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात तो गड तोफांनी पडला नाही. फिरिश्त्याच्या वृत्तांतानुसार घाईघाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्य नव्हे, मीठ निघाले. पोती उघडून पाहण्याची दक्षता कोणी घेतली नव्हती. रामदेवरायास तह करावा लागला.

आज देश नव्या प्रकारची तटबंदी उभारीत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ व दिल्ली आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या मार्गावर क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली पाठविण्याचा प्रयोग यशस्वी केला. बेनेट व ब्रासार यांनी १९८४ साली मांडलेल्या या पद्धतीत संदेशाची किल्ली एकेका प्रकाशकणातून जाते. वाटेत कोणी ती चोरून वाचू लागला, तर कणांची अवस्था बिघडते आणि चोरी उघडकीस येते.

मात्र निसर्गनियमाचा हा पहारा वाटेपुरताच आहे. तंतूतून दूर जाताना प्रकाश क्षीण होतो. म्हणून लांब मार्गावर ठाणी उभारावी लागतात आणि प्रत्येक ठाण्यात किल्ली उघडी होते. चीनच्या सुमारे दोन हजार किलोमीटर लांबीच्या बीजिंग-शांघाय मार्गावर अशी ३२ ठाणी आहेत. तेथील एखाद्याने किल्ली उतरवून घेतली, तर एकही प्रकाशकण तक्रार करणार नाही! हे भय काल्पनिक नव्हे. पुण्यातील डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना पाकिस्तानी हस्तकास माहिती पुरविल्याच्या आरोपावरून मे २०२३ मध्ये अटक झाली. दोष ठरविणे न्यायालयाचे काम. पण धोका कोठून येऊ शकतो, हे त्या अटकेने दाखविले.

यास उपाय आहेत. कोणत्याही ठाण्याचा कारभार एकट्याच्या हाती नसावा, प्रत्येक हाताळणीची नोंद दुसऱ्या विभागाने तपासावी, परदेशी यंत्रे खोलून पारखल्याविना बसवू नयेत. एकच रहस्य अनेकांत विभागून देण्याच्या क्वांटम पद्धतीही १९९९ पासून अभ्यासल्या जात आहेत. त्यांतही वाटेकऱ्यांपैकी एखादा अप्रामाणिक असेल, हे आधीच गृहीत धरावे लागते.

अशी तपासणी म्हणजे सहकाऱ्यांवरील अविश्वास, असे कोणी मानू नये. प्रामाणिक माणसाला तपासणीचे भय नसते. उलट तीच त्याला खोट्या संशयापासून वाचविते. देवगिरीवर पोते उघडून पाहिले असते, तर त्यात कोणाचाही अपमान नव्हता.