कला शाखा : उरलेल्यांची नव्हे, निवडणाऱ्यांची

दहावीचा निकाल लागला की वसतिगृहाच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. "गुरुजी, सायन्सला मिळेल ना?" हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. गुण कमी असले की तेच पालक खालच्या आवाजात म्हणतात, "मग आर्ट्सलाच घालावं लागेल." त्या 'लाच'मध्ये पराभवाची कबुली असते. ही समजूत पक्की करण्यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. हुशार मूल विज्ञानाला आणि उरलेले कलेला, अशी वाटणी आम्हीच वर्षानुवर्षे करीत आलो.

पालकांची काळजी आम्ही जाणतो. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्या घराला शिक्षण हौसेखातर परवडत नाही. त्यातून भाकरी मिळालीच पाहिजे. म्हणून या प्रश्नाचे उत्तरही भाकरीच्याच भाषेत द्यावयास हवे.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकण्यासाठी. १९१६ साली तेथील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. राज्यघटनेचा मसुदा करताना कायद्याच्या ज्ञानाइतकीच ही शिदोरी कामी आली, असे आमचे मत आहे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. त्या छताखाली एक शाखा धाकटी नव्हती.

आजचे व्यवहार पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत १७५० गुणांची लेखी परीक्षा असते. त्यात २५० गुणांचा निबंध असतो. इतिहास, समाज, राज्यव्यवस्था आणि नीतिशास्त्र हे सामान्य अध्ययनाचे विषय असतात. उत्तरे मराठीतही लिहिता येतात. वकिली, पत्रकारिता, अध्यापन, भाषांतर, समाजकार्य या क्षेत्रांतही हीच तयारी लागते. इतिहासाचा विद्यार्थी कागद हाती येताच विचारतो : हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, यातून काय वगळले? हीच सवय वकिलाला साक्ष तपासताना आणि अधिकाऱ्याला टिपणी लिहिताना उपयोगी पडते. ज्यांच्या पूर्वजांविषयी इतरांनीच लिहिले, त्या समाजाला तर ही सवय अधिकच हवी.

मात्र नुसती पदवी नोकरी देत नाही. गाइड पाठ करून मिळवलेल्या बी.ए.ला बाजारात किंमत नाही आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. ग्रंथालयात बसून मूळ पुस्तक वाचणे, इंग्रजीचा सराव, संगणकाची ओळख आणि रोज एक पान स्वतःच्या शब्दांत लिहिणे, एवढे पथ्य पाळणाऱ्यालाच ही शाखा फळते.

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढच्या निकालाच्या दिवशी वकिली, प्रशासन वा पत्रकारितेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेत येऊन पालकांशेजारी बसावे आणि आपण कोणत्या वाटेने गेलो ते सांगावे. पालकांनी गुणपत्रिका उघडण्याआधी मुलाला विचारावे, "तुला काय वाचायला आवडतं?" आणि आम्ही शिक्षकांनी त्याचे उत्तर संपेपर्यंत गप्प राहावे.