हीरोज हैदराबादचे, मैदान उटनूरचे

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर पहिली रग्बी प्रीमियर लीग रंगली. सहा संघांत 'हैदराबाद हीरोज'ही होता. राजधानीचे नाव झळकले, हे ठीक. पण तेलंगणाच्या उत्तर टोकाला उटनूरच्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या गोंड, कोलाम पोरांच्या पदरात त्यातून काय पडणार?

हा साहेबांचा, जिमखान्यांचा खेळ, म्हणून कुणी नाक मुरडेल. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी झुंजतात, तो कोलकात्यातल्या क्लबने गाशा गुंडाळताना शिल्लक चांदीचे रुपये वितळवून घडवला होता, हे खरेच. पण २००७ मध्ये भुवनेश्वरच्या 'किस' या निवासी संस्थेतली आदिवासी मुले लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आली. त्यांना घडवण्यात कोलकात्यात 'जंगल क्रोज' क्लब उभा करणाऱ्या पॉल वॉल्श यांचा मोठा वाटा होता.

वसतिगृह, मैदान आणि रोज येणारा प्रशिक्षक ही त्या यशाची शिदोरी. पैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी उटनूरला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. आश्रमशाळांचा कारभार पाहणाऱ्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे, म्हणजे आयटीडीएचे, कार्यालय इथेच आहे. कबड्डीत वाकून पकड घालणाऱ्या मुलांना खाली झुकून टॅकल करण्याची भीती वाटणार नाही. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या रग्बी सेव्हन्स या प्रकारात सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. लहानग्यांसाठी टॅग रग्बी आहे: टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढली की झाले.

मात्र शिट्टी कुणाच्याही हाती देऊन चालणार नाही. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मूल लगेच मैदानाबाहेर, हा वर्ल्ड रग्बीचा दंडक आहे; तो न पाळणाऱ्या शाळेने हा खेळ सुरूच करू नये. त्यासाठी पीईटी, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या, सरांना प्रशिक्षण हवे, आणि ते तेलुगू, मराठी, गोंडीत समजावणारा माणूस हवा.

दहावीनंतर वसतिगृह सुटते; खेळही तिथेच सुटतो. म्हणून शाळेच्या संघापेक्षा उटनूर गावचा क्लब महत्त्वाचा, संध्याकाळी गावातल्या मुलामुलींनाही खुला असणारा. आयटीडीएने येत्या शैक्षणिक वर्षाआधी एक शिक्षक आणि एक शिक्षिका निवडून प्रशिक्षणाला पाठवावेत. त्यांचे मानधन मात्र स्पर्धेपुरते नको, बाराही महिने हवे.